उजवा पाय

“बाबा, तुमचा उजवा पाय जरा मिळेल का?”

सुनेचा आवाज गाडीच्या पुढच्या बाजूने, जमिनीलगत आला. गॅरेजच्या दारात घुटमळणारे जजसाहेब दचकले. सकाळपासून ते काही ना काही निमित्त काढून इथे डोकावून जात होते. मघाशी गाडीला चाकं होती, आता चारही कोपऱ्यांखाली तिला पेलणाऱ्या लोखंडी घोड्या होत्या. पुढचे जुने ब्रेक भिंतीशी पडले होते आणि त्यांच्या जागी चांगल्या थाळीएवढ्या नव्या डिस्क चमकत होत्या.

“पाय? घे की. कधीचा रिकामाच आहे.”

“मग आत बसा आणि मी सांगेन तेव्हा ब्रेक दाबा. जोर नाही लागायचा फारसा. दमलात तर लगेच सांगा.”

गाडी दोनच सीटची, त्यामुळे त्यांच्यावर तिच्यात बसायची वेळ कधी आलीच नव्हती. सीट इतकी खाली होती की ते बसले नाहीत, जवळजवळ पडले. स्टिअरिंगवर हात ठेवून त्यांनी पेडल दाबलं. पाय लोण्यात गेल्यासारखा थेट तळाला टेकला.

“अगं, इथे काहीच नाही!”

“हवा आहे. तुम्ही तिथे दाबता, तेल इथे चाकाशी दाबतं. मध्ये हवा राहिली की तुमचा सगळा जोर तिलाच दाबण्यात जातो.”

“अच्छा. म्हणजे अर्ज इथे दिला, पण साहेबांपर्यंत पोचलाच नाही.”

“अगदी!” ती हसली. ती दातांची डॉक्टर. पेशंटला ‘आ करा’ म्हणावं त्याच सुरात म्हणाली, “दाबा. आणि मी सांगेपर्यंत सोडायचं नाही.”

त्यांनी दाबलं. तिने ब्रेकवरचा हवा काढायचा नट सैल केला. पारदर्शक नळीतून तेल बाटलीत उतरू लागलं, फसफसत, बुडबुड्यांसकट. तिने नट आवळला. “सोडा.” पुन्हा दाबा, पुन्हा सोडा. दोघांची लय जमली.

पण बुडबुड्यांचा तो बारीक आवाज जजसाहेबांना स्वस्थ बसू देईना. दिसतात तरी कसे ते? त्यांनी उघड्या दारातून मान बाहेर काढली, मग खांदा काढला. पाय कधी उचलला गेला, त्यांनाही कळलं नाही.

“सोडलंत? बाबा, सोडलंत तुम्ही? कोणी सांगितलं होतं सोडायला! गेली ना सगळी हवा परत आत!”

गॅरेजचा पत्रा दणाणला. 

चाकाच्या जागेमागून सुनेचं डोकं हळूच वर आलं. गालावर तेलाचा फराटा, चेहरा उतरलेला. त्यांचं ऑपरेशन झाल्यापासून या घरात त्यांच्याशी कोणी आवाज चढवून बोललं नव्हतं. त्याआधी कोर्टातही कोणाची छाती नव्हती.

“सॉरी, बाबा. मी ओरडायला नको होतं.”

जजसाहेब समोर बघत बसले होते. त्यांचे कान लाल झाले होते.

“चूक माझी आहे,” ते म्हणाले. “मला बुडबुडे बघायचे होते.”

ती त्यांच्याकडे बघत राहिली. त्यांच्या मिशीखाली काहीतरी हलत होतं. मग तिलाच हसू फुटलं आणि पाठोपाठ त्यांनाही.

“पहिल्यापासून घे,” त्यांनी सुनावलं. “आणि मध्येच पुन्हा मऊ बोलायला लागू नकोस.”

ती लागली नाही. ‘नीट दाबा’, ‘झोपलात का’, सगळं ऐकून घेत त्यांनी पाय चालवला. हळूहळू लोणी घट्ट होत गेलं आणि एकदा पाय मध्येच अडला.

“अगं, खाली दगड लागला!”

“झालं तर मग!”

चाकं चढली, नट आवळून झाले. अंगणात गाडी मुंगीच्या चालीने मागेपुढे करून तिने ब्रेक तपासले. “तुम्ही थांबा, मी रस्त्यावर एक चक्कर मारून येते.”

जजसाहेब दुसऱ्या बाजूने आत शिरले.

“बाबा, नवे ब्रेक आहेत. आधी मी एकटी—”

“पाय माझा होता. काही चुकलं असेल तर ते तुला एकटीला कळून कसं चालेल?”

 तिचा नवरा गावाला गेला नसता तर त्याने एव्हाना डॉक्टरांना फोन लावला असता. तिने वळून त्यांच्या बाजूचा पट्टा ओढला आणि त्यांच्या हातात दिला.

बंद पडलेल्या कारखान्यामागचा रस्ता सरळ आणि निर्मनुष्य होता. तिने वेग घेतला आणि ब्रेक दाबला. जजसाहेब पट्ट्यावर आपटले आणि मागे आले. पुन्हा वेग, पुन्हा ब्रेक. आधी त्यांनी दाराचं हँडल घट्ट धरलं होतं. मग केव्हातरी ते सोडून ते चष्मा सावरू लागले.

“काहीतरी जळतंय.”

“जळू दे. नवे पॅड बसताना येतोच असा वास.”

तापलेले ब्रेक निवावेत म्हणून थोडं अंतर गाडी सावकाश नेऊन तिने ती कडेला आपोआप थांबू दिली. जजसाहेब स्वतःच उतरले, पुढच्या चाकाशी गेले आणि गुडघ्यांवर हात टेकत उकिडवे बसले. तिने त्यांच्या कोपराशी हात नेला, आणि मागे घेतला.

“हात नका लावू, भाजेल.”

“नाही लावत.”

त्यांनी दोन्ही तळवे चाकासमोर धरले. चाकाच्या आऱ्यांमधल्या फटींतून ऊब येत होती. पोरासारखी मान वाकडी करून ते आत बघत राहिले.

“मागच्या चाकांना जुनेच आहेत ना?”

“हो. सामान येऊन पडलंय खोक्यात. पुढच्या वर्षी बघू सावकाश.”

“पुढच्या वर्षी?” त्यांनी तळवे न हलवता मान वळवली. “तारखा मी जन्मभर लोकांना दिल्या गं. तू मला नको देऊस. उद्या करू.”