कर्कश

मानसिंग इटलीतली लढाई संपवून घरी आला त्याला तीन दिवस झाले, तरी बायकोच्या, हरणाबाईच्या एकाही बोलण्याला त्याने उत्तर दिलं नव्हतं. ती हळू, गोड बोलून थकली. आणि हळू बोलणं म्हणजे हरणाबाईला निर्जळी उपासापेक्षा अवघड.

कडेगावच्या शिवारात राखणीच्या उंच माळ्यावर उभी राहून ती ज्वारीवरची पाखरं हाकलायची, तेव्हा पलीकडच्या शाळेतली पोरं पाढे विसरायची. गेल्या महिन्यात गुरुजी बांधावर आले. म्हणाले, "बाई, तुमचा आवाज फार कर्कश आहे."

"म्हंजी काय वो, गुर्जी?"

शब्दाचा अर्थ विचारला की गुरुजींचा राग पळायचा. "मूळ अर्थ टणक, खरबरीत. हा खरा हाताला लागणाऱ्या वस्तूंचा शब्द. मागाहून कानाला खुपणाऱ्या आवाजालाही तो चिकटला."

हरणाबाईने आपले तळवे पाहिले. गोफणीने आणि विळ्याने तेही तसलेच झालेले. चार वर्षांनी नवरा येणार, आणि त्याच्या वाट्याला हे असं. त्या दिवसापासून तिने आवाज घशातच दाबला. तो आल्यावर हातही पदराखाली गेले.

तरी तो बोलेना. काही विचारलं की नुसती मान हलवी, कसनुसं हसे, दुसरीकडे बघे. आपण त्याच्या मनातून उतरलो, असंच तिने घेतलं. चुलीपुढे बसून ती रडलीही.

चौथ्या दिवशी ती माळ्यावर होती. मानसिंग खाली बांधावर पाठमोरा बसला होता. शेजारच्या आकारामचा मारका खोंड दावं तोडून थेट त्याच्यावर निघाला. आकाराम मागून ओरडत होता, पण मानसिंग जागचा हलेना. मग मात्र हरणाबाई गुरुजींना विसरली.

"आवं, उठा! खोंड आला मागनं!"

शाळेतले पाढे थांबले. मानसिंगने दचकून ज्वारीत उडी टाकली आणि खोंड बांधावरून पुढे निघून गेला.

हरणाबाई धावत आली. ओशाळून पुन्हा हळू काहीतरी पुटपुटली. हात पदराखाली नेऊ लागली. त्याने ते धरले.

"तोफांनी कान गेलं माजं. सांगायची लाज वाटली," तो म्हणाला. "समद्यांचं बोलणं वल्या गोट्यावानी निसटून जातं. तुजा आवाज तेवडा हाताला लागला."