शमशोनचा पहिला नंबर

खंडू खाटकाने शमशोनची हनुवटी कुरवाळून दावं ओढलं, पण तो जागचा हलला नाही. चारही पाय रोवून, मान वर करून तो चर्चच्या पायरीपाशी उभाच राहिला. काळाभोर, तुळतुळीत बोकड, आणि गळ्यात प्रदर्शनातली गुलाबी फीत. ती काढायचं कुणाच्या लक्षात आलं नव्हतं की कुणाला धीर झाला नव्हता, कोण जाणे.

सुगीच्या सणाची उपासना नुकतीच संपली होती. पायरीवर बाजरीची कणसं, कांद्याच्या पाट्या, भोपळे, पाय बांधलेल्या दोन कोंबड्या, असं लोकांनी देवाला आणलेलं सगळं मांडलं होतं. शमशोन त्यातलाच. संध्याकाळच्या प्रीतिभोजनाला मटण त्याचं होतं. चर्चच्या मागे चुली पेटल्या होत्या आणि बायका कांदे चिरायला बसल्या होत्या. प्रांजल त्यांच्यात जाऊन बसली असती तर तिचं रडणं खपून गेलं असतं. पण ती इथंच, बापाच्या मागे उभी होती.

आई मेलेलं ते करडू तिने बाटलीने दूध पाजून जगवलं होतं. बायबलातल्या बलदंड शमशोनाचं नाव त्या काडीएवढ्या पिल्लाला तिनेच ठेवलं, तेव्हा सगळे हसले होते. दहावीचं वर्ष, आणि पोरगी पुस्तकापेक्षा बोकडाला जास्त वेळ देते, म्हणून घरात रोज कटकट व्हायची. तरी ती त्याचं अंग घासायची आणि परीक्षकांपुढे कसं उभं राहायचं ते शिकवायची. हनुवटीला हात लागला की मान वर करून थांबायचं. मग कुणी दात बघो, पाठ चाचपो, हलायचं नाही. पाठीवर तिच्या हाताच्या दोन थापा पडल्या की चालायचं. बाप, ईश्वर साळवे, चेष्टेत म्हणाला होता की पहिला नंबर आणलास तर ह्याला पैदाशीला ठेवू, सुरी लागू देणार नाही. आणि शिरूरच्या प्रदर्शनात खरंच पहिला नंबर आला.

तिथंच बिघडलं. मागच्या रविवारी ईश्वर साक्ष द्यायला उभा राहिला. देवाने आपल्यावर काय उपकार केले ते मंडळीला सांगायचं, एवढंच खरं तर साक्षीचं काम. पण माणूस आनंदात होता, लोक माना डोलवत होते. त्या भरात तो म्हणून गेला की हा बोकड देवाचं देणं आहे, सुगीच्या सणाला देवालाच देणार. सगळी मंडळी एका आवाजात आमेन म्हणाली. मुलींच्या बाकावरून प्रांजलही म्हणाली. लहानपणापासूनची सवय. शब्द तोंडातून गेला आणि मग बाप काय बोलला ते तिला कळलं.

आठवडाभर तिने त्याची मनधरणी केली. दुसरा बोकड देऊ, सगळ्या कोंबड्या देऊ, असं काय काय सांगून पाहिलं. आज सकाळी शमशोनला घेऊन येताना ईश्वर चर्चच्या फाटकापाशी थांबला.

"मला काय हौस हाय का, पोरी? चारचौघांत देवापुढं बोललो. आन् तू बी आमेन म्हणालीस की."



चर्चचे पाळकसाहेब भला माणूस. प्रार्थनेआधी त्यांनी ईश्वरला बाजूला घेतलं आणि देव काही बोकडाचा भुकेला नाही, पोरीचं मन मोडू नका, परत घेऊन जा, असं सांगितलं. ईश्वरने फाटकाकडे पाहिलं. तिथं लोक शमशोनबरोबर फोटो काढून घेत होते. त्याने नाही म्हणून मान हलवली.

आता खंडूने दावं मनगटाला गुंडाळून पुन्हा ओढलं. शमशोनची मान ताणली, फीत गळ्यात रुतली, पण खूर उचलला गेला नाही. नाव शोभतं बरं का, असं कुणीतरी म्हणालं आणि दोघंचौघं हसले. ईश्वर जमिनीकडे बघत होता.

"कुणी शिकवलं गं ह्याला असं उभं ऱ्हायला?" खंडूने कपाळ पुसत विचारलं.

"मी," प्रांजल म्हणाली.

"मग तूच सांग त्याला. फरफटत न्यायला लागलं तर भिईल बिचारं. तसं नको."

प्रांजल पुढे आली. तिने फितीची गाठ सोडली. शमशोनने नेहमीसारखं तिच्या तळहाताला नाक लावलं. सराव झाला की ती शेंगदाणे द्यायची. आज हात रिकामा होता. तो तिने त्याच्या पाठीवर ठेवला आणि बराच वेळ तिथंच राहू दिला. आपण ह्याला काही शिकवलंच नसतं तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं. मग तिने दोन थापा दिल्या.

शमशोन लगेच निघाला. चार पावलांवर थांबला आणि वळून पाहू लागला. चालताना ती कायम त्याच्या शेजारी असायची.

"तू नको जाऊस, प्रांजल," ईश्वर म्हणाला.

ती शमशोनच्या शेजारी जाऊन उभी राहिली. तो चालू लागला, प्रदर्शनात चालला होता तसाच, मान वर करून. दोघं चर्चला वळसा घालून मागच्या बाजूला गेली. खंडूच्या हातातलं दावं तिथपर्यंत सैलच राहिलं.