बारवेचं पाणी

"कालपासून सुई घेतली न्हाय तिनं, गुरुजी," महादेवी दारातूनच म्हणाली. "बारवेचं पाणी पीत बसलीय. गाडी सांगितलीय जळकोटाला, पण दवाखान्यात यायला तयार न्हाय. तुमचं तरी ऐकंल, चला."

नारायणराव गुरुजींनी चहा तसाच ठेवला आणि चपला घातल्या. महादेवीची शिवलीला अठरा वर्षांची. दहाव्या वर्षी तिला मधुमेह निघाला, तेव्हापासून इन्सुलिनची सुई चुकली की थेट सोलापूरचा दवाखाना, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. आणि आता कुठल्याशा रीलनं सांगितलं होतं, की गावच्या बारवेचं पाणी मधुमेहावर रामबाण आहे. पोरीनं ते खरं मानलं होतं.

वाटेत शाळेची भिंत लागली. भिंतीवरचा काळा चौकोन पार विटला होता. त्यावर कुणीतरी शिकवणीची जाहिरात डकवली होती. एवढी घाई असूनही गुरुजींची पावलं तिथं अडखळलीच.

एकतीस वर्षं त्यांनी या फळ्यावर रोज सकाळी बातम्या लिहिल्या होत्या. सातच्या बातम्या रेडिओवर ऐकायच्या, एसटीनं आलेल्या सोलापूरच्या पेपराशी ताडून बघायच्या, मग ओल्या फडक्यानं फळा पुसायचा. दोन ठिकाणांहून कळल्याशिवाय खडू उचलायचा नाही, हा नियम. ज्याला वाचता येई तो मोठ्यानं वाची, बाकीचे तंबाखू मळत ऐकत. 'फळ्यावर आलंय' म्हटलं की वाद संपला. ओल्या फळ्याचा तो वास आठवला की गुरुजींना अजून भरून येई.

आणि आताची ही पोरं! कुणी मागं संगीत लावून तोंड हलवलं, की झालं यांचं ब्रह्मवाक्य. गुरुजींना संताप आला होता. त्याहून जास्त भीती वाटत होती.

शिवलीला बाजेवर भिंतीला टेकून बसली होती. ओठ सुकलेले, डोळे खोल गेलेले. हातात पाण्याची बाटली, पायाशी आणखी तीन रिकाम्या.

"लई तहान लागतीय, गुरुजी. पहिले दोन दिवस असंच होतं म्हणं. शरीर साफ होतंय."

"कोण म्हणतं?"

"रीलमध्ये सांगितलंय."

"आणि रीलवाल्याला कुणी सांगितलं? दोन ठिकाणांहून कळल्याशिवाय..."

"...खडू उचलायचा न्हाय," ती क्षीण हसली. "आज्जीनं पाठ करून घेतलंय माझ्याकडनं. आज्जी म्हणायची, बारवेच्या पाण्यानं गाव वाचलं. ते तर खरं ना?"

गुरुजी बाजेच्या कडेला टेकले. ते खरं होतं. ब्याऐंशी साली पटकीची साथ आली होती. ओढ्याचं पाणी नासलं होतं. नर्सबाईंनी बारवेत पावडर टाकून पाणी शुद्ध करून ठेवलं, पण त्या बारवेत कधीकाळी एक सासुरवाशीण बुडाली होती, म्हणून कुणी घागर बुडवायला धजेना. पाच माणसं गेली. मग एका सकाळी गुरुजींनी फळ्यावर चार ओळी लिहिल्या आणि दुपारपर्यंत अख्खं गाव बारवेवर लोटलं. सगळ्यांत पुढं गावचे पाटील, ज्यांना घरच्या लग्नातसुद्धा लाडू वर्ज्य होता. त्यानंतर एकही माणूस दगावला नाही. गावानं तो फळा महिनाभर पुसू दिला नव्हता. सोलापूरचा एक फोटोग्राफर मुद्दाम येऊन गेला होता. गुरुजींच्या उभ्या आयुष्यात त्याहून चांगला दिवस आला नव्हता.

"ते पटकीचं होतं, बाळा. पाणी स्वच्छ होतं म्हणून माणसं वाचली. मधुमेहाचा काय संबंध?"

"तुमच्या फळ्यावर कधी खोटं आलं व्हतं का, गुरुजी?"

"फळ्यावर?" गुरुजींनी रुमालानं तोंड पुसलं. "अगं, फळ्यावर खाली माझी सही असायची."

"मग झालं तर." शिवलीलानं उशाचा मोबाइल ओढला. "आई, सुई भरून आण. गुरुजींनी हे बघून खोटं हाय म्हणावं. आत्ता सुई घेते आणि गाडीत बसते. आज्जीची शपथ."

महादेवी धावतच आत गेली आणि सुई भरून घेऊन आली. गुरुजींनी चष्मा लावला.

आधी संगीत वाजलं. मग बारवेच्या पायऱ्या दिसल्या. मग एक काळापांढरा, कडा पिवळ्या पडलेला फोटो आला. शाळेची भिंत, फळा आणि फळ्यावर चार ओळी: 'आपल्या बारवेच्या पाण्याची बाटली पुण्याच्या प्रयोगशाळेत तपासून आली आहे. पाणी औषधी आहे. मधुमेहावर विशेष गुणकारी आहे. सर्वांनी हेच पाणी प्यावे.' खाली तारीख आणि सही.

"कॉलेजच्या सगळ्या पोरींनी हे बघितलंय," शिवलीला म्हणाली. "पण त्या म्हणत्यात म्हणून न्हाय मानलं मी. अक्षर ओळखलं, म्हणून मानलं."

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. महादेवी हातात सुई धरून गुरुजींच्या तोंडाकडं बघत होती.

गुरुजींनी मोबाइल बाजेवर पालथा ठेवला.

"सुई घे, पोरी," ते म्हणाले. "पुण्याला बाटली मी कधी पाठवलीच नव्हती."