नुसती नावं

मुलीने गेलेल्या आईच्या आवाजाच्या सगळ्या फाइली पेनड्राइव्हवर घेतल्या, पडद्यावर ‘पूर्ण’ दिसताच तो ओढून काढला, जुन्या संगणकातलं सगळं पुसून तो भंगारात दिला आणि पेनड्राइव्ह बाबांच्या हाती ठेवून घाईघाईने आपल्या घरी गेली. बाबांनी तो टीव्हीला लावून पाहिला, आवाजच येईना, म्हणून ते दुरुस्तीच्या दुकानात आले. फोल्डर होतं, फाइलींची नावंही होती. आत मात्र काहीच नव्हतं. “काका, संगणक ‘झालं’ म्हणतो तेव्हा माल अजून त्याच्या डोक्यातच असतो. पेनड्राइव्ह नीट बंद करून काढला, तरच त्यात उतरतो,” दुकानदार म्हणाला. “म्हणजे आमची ही वाटेतच राहिली,” बाबा म्हणाले. त्यांना रडू आलं नाही. तेवढ्यात मुलीचा फोन आला. “बाबा, ऐकलंत आईला?” “ऐकलं.” “काय म्हणत होती?” बाबांनी पेनड्राइव्ह खिशात टाकला. “नेहमीचंच. पोरीला म्हणावं, जरा दमाने घे.”