मधला ठिपका

"मधोमध काय दिसतंय, तेवढं सांग," सासरे म्हणाले.

सून कॉम्प्युटरवर वाकली. दुपारची वेळ होती. खिडकीचा पडदा ओढून घेतला होता, तरी काचेवर उजेडाची एक तिरीप पडतच होती. तिनं हाताचा आडोसा केला. फोटो सुंदर होता, यात वादच नव्हता. दोन्ही बाजूंना फुगलेला आणि कमरेत करकचून आवळलेला वायूचा ढग. कडेला तांबूस, आत निळसर. आणि बरोबर मध्ये एक पांढरा ठिपका. एकच.

सासऱ्यांनी सगळी हयात या ढगावर घालवली होती. म्हातारा तारा मरताना आपली वरची आवरणं बाहेर टाकतो, त्यांचा झालेला हा तेजोमेघ. अशांना ग्रहीय तेजोमेघ म्हणतात, पण ग्रहांशी त्यांचा काडीचा संबंध नसतो. जुन्या लोकांना दुर्बिणीतून ते ग्रहांसारखे गोल दिसले, एवढंच. हा मात्र गोल नव्हता. एकट्या ताऱ्यानं टाकलेला वायू चहूकडे सारखा पसरेल, त्याची कंबर अशी आवळली जाणार नाही, तेव्हा मध्ये दोन तारे असलेच पाहिजेत, असं सासऱ्यांचं म्हणणं. सून लग्न होऊन आली तेव्हापासून जेवणाच्या टेबलावर हे दोन तारे होतेच. पहिल्या दोन वाक्यांनंतर कोणीतरी मीठ मागायचं आणि विषय बदलायचा.

अंतराळातल्या मोठ्या दुर्बिणीनं अखेर त्या ढगाचा फोटो काढला, तोवर सासऱ्यांची नजर गेली होती. पार गेली नव्हती. कडेचं दिसे, पण ज्याच्याकडे बघावं तेच नाहीसं होई. माणसाचे कान दिसत, चेहरा दिसत नसे. डॉक्टर काय म्हणाले ते मुलाच्या तोंडून निघेना. आज सांगतो, उद्या सांगतो. शेवटी सुनेनंच सांगितलं होतं की बाबा, हे बरं होणार नाही. ती औषधांच्या दुकानात कामाला होती. चिठ्ठीवर असेल तेच वाचायचं, पदरचं काही घालायचं नाही, ही तिथली सवय घरीही सुटली नव्हती. सासऱ्यांनी शर्ट उलटा घातला असेल तर ती पाहुण्यांसमोरसुद्धा उलटा आहे म्हणे. त्या दिवसापासून सासरे पेपर, बिलं, पत्रं, सगळं तिच्याकडूनच वाचून घेत. मुलानं वाचायला घेतलं की म्हणत, तू राहू दे, ती येईल.

आणि आज सकाळी नवऱ्यानं तिला जिन्यात गाठलं होतं. एक दिसो नाहीतर शंभर, बाबांना दोनच सांग, म्हणाला. आता राहिलेत किती दिवस त्यांचे? ती तशीच जिना उतरून गेली होती.

तिनं वळून सासऱ्यांकडे बघितलं. त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. दाढी केली होती, हनुवटीखाली थोडी राहून गेली होती. तिनं ते सांगितलं नाही.

"दोन आहेत, बाबा."

सासरे हलले नाहीत. दोन म्हणजे वेगवेगळे का, त्यांनी विचारलं. मध्ये अंतर आहे का? आता अर्ध्यावर सोडण्यात अर्थ नाही, असं सुनेला वाटलं. चांगलं अंतर आहे, ती म्हणाली, एक मोठा, आणि शेजारी एक बारीक, लालसर. खोटं इतकं सरळ बोलता येतं याचं तिचं तिलाच नवल वाटलं. नक्की ना, असं त्यांनी पुन्हा विचारलं. ती नक्की म्हणाली, आणि त्यांचा चेहरा फुलायची वाट बघत राहिली.

त्यांनी चष्मा काढला. शर्टाच्या टोकानं पुसला. पुन्हा लावला नाही.

"मग मी चुकलो," ते म्हणाले.

आपल्या ऐकण्यात काही गफलत झाली, असं तिला वाटलं. सासरे शांतपणे सांगू लागले. इतकी वर्षं टेबलावर कोणी पुरं होऊ दिलं नव्हतं ते बोलणं आज पुरं झालं. तारे दोन आहेत हे बाकीच्या संशोधकांनीही कधीच मान्य केलं होतं. भांडण अंतराचं होतं. बाकीचे म्हणत, दोघं लांब आहेत, चांगली दुर्बीण आली की वेगळे दिसतील. सासरे म्हणत, दोघं जवळजवळ चिकटून फिरतायत, म्हणून तर कंबर एवढी आवळली गेलीय. कितीही मोठी दुर्बीण आणा, ठिपका एकच दिसणार. वेगळे दिसले तर माझं सगळं लिखाण रद्दीत घाला, असं ते भर सभेत बोलून बसले होते. लांब म्हणणाऱ्यांत पुढे त्यांचा जुना मित्रच होता. तेव्हापासून दोघांत बोलणं नव्हतं.

त्याला फोन लाव, ते म्हणाले. दुसऱ्या कोणाकडून कळण्याआधी माझ्याकडून कळू दे.

सून कॉम्प्युटर सोडून पुढे आली. ती त्यांच्या खुर्चीजवळ खाली बसली.

"बाबा, एकच आहे. मी खोटं बोलले. तुम्हाला बरं वाटावं म्हणून."

नवऱ्याचं जिन्यातलं बोलणंही तिनं सांगून टाकलं. हवं तर फोटो पाठवणाऱ्या तुमच्या विद्यार्थ्याला विचारा, म्हणाली.

सासऱ्यांनी मान तिरकी करून तिचा चेहरा डोळ्याच्या कडेनं धरायचा प्रयत्न केला. तो सापडला नाही. मला काय हवं होतं ते तुला आत्ता कळलं, आणि लगेच दोनाचा एक झाला, ते म्हणाले. विद्यार्थीही एकच म्हणेल. नजर गेल्यापासून जो येतो तो गोडच बोलून जातो. मग त्यांनी हात पुढे केला, चाचपडत तिच्या डोक्यावर ठेवला आणि थोडा वेळ तसाच राहू दिला.

"फोन लाव, पोरी. इतकी वर्षं तू माझं मन राखलं नाहीस. आता नको सुरू करूस."