आढी

भिवा रोज सकाळी पडवीतल्या आंब्यांच्या आढीत, पेंढ्याखाली हात घालून कितीतरी वेळ नुसता बसून राहायचा. आज त्याची लेक रेणुका शेजारी येऊन टेकली. ती मालगुंडला शाळेत विज्ञान शिकवायची.

"बाबा, आंबे पिकलेत. काढूया आता, नाहीतर नासतील."

"अजून ऊब हाय गो आत."

"असणारच. झाडावरून उतरवला तरी आंबा जिवंत असतो, श्वास घेतो. आतली साखर हळूहळू जळते, तिचीच ही ऊब."

"आणि काढून पसरले की?"

"गार पडतील."

भिवाने हात तसाच ठेवला.

"मग आजचा दिस राहू दे. तुझ्या आयशीनं ही आढी रचली नि दुसऱ्याच दिवशी ती गेली. तिच्या हातचं गरम आता इतकंच उरलंय."