जिना चढणारी सावली

पडद्यावर पांढरी भिंत आली आणि ॲम्ब्रोज हार्कनेस खुर्चीत ताठ झाला. भिंतीवर एका माणसाची सावली जिना चढत होती. माणूस दिसतच नव्हता. सावली प्रत्येक पायरीशी मोडत होती, पुन्हा जुळत होती, आणि वर पोचेपर्यंत छताला भिडली.

ॲम्ब्रोजच्या नव्या चित्रपटाचा शेवट हुबेहूब असाच होता. तो अजून स्टुडिओबाहेर गेला नव्हता. आणि आजच्या खास खेळातला हा चित्रपट लायनेल टॅरंटचा, सोमवारी लंडनभर लागणारा.

"आपला शेवट कापावा लागणार, साहेब," शेजारी बसलेली त्याची संकलक मुरिएल हळूच म्हणाली. "नाहीतर तुम्ही टॅरंटचा उचलला म्हणतील."

"मी उचलला?"

दिवे लागायच्या आत तो बाहेर पडला. टॅरंट समोरच्या पबमध्ये सापडला. स्वतःचा चित्रपट लोकांबरोबर बघायचा त्याला धीर होत नसे. कोपऱ्यात बिअर पुढ्यात घेऊन तो नखं खात बसला होता.

"माझ्या स्टुडिओतलं कोण फितूर झालं तुला?" ॲम्ब्रोजनं उभ्या उभ्याच विचारलं. "ती सावली माझी आहे."

टॅरंटनं तोंडातून बोट काढलं. मग म्हणाला, "तू म्युनिकला होतास काय रे?"

ॲम्ब्रोजचा आवाज उतरला. "सव्वीस साली. तिथल्या स्टुडिओत उमेदवारी करत होतो."

"मी अठ्ठावीस साली. म्हाताऱ्या झाइफर्टच्या हाताखाली. जमिनीवर एकच दिवा ठेवायचा आणि जिना चढायला मलाच लावायचा."

"गुडघे वर घे, म्हणायचा."

"बगळ्यासारखे."

दोघंही हसले. ॲम्ब्रोज खुर्ची ओढून बसला.

"युद्ध संपल्यावर गेलो होतो मी शोधायला," टॅरंट म्हणाला. "स्टुडिओ उभा होता. तो नव्हता. झाइफर्टला कुठं नेलं विचारलं की लोक आपल्या बुटांकडे बघायला लागायचे." त्यानं ग्लास बाजूला सारला. "मला म्हणाला होता, लायनेल, हे मी फक्त तुला दाखवतोय. तेवढ्या एका वाक्यावर मी आजवर तग धरून आहे. हसू नकोस. तुलाही असंच म्हणाला होता का?"

ॲम्ब्रोजला मानेवरचा झाइफर्टचा हात आठवला, टर्पेंटाइनचा वास येणारा. शब्द तेच होते. नाव तेवढं वेगळं.

"छे," तो म्हणाला. "मला नुसता राबवून घ्यायचा. मी आपला लांबून बघून शिकलो."

टॅरंटनं मान खाली घातली.

मुरिएल रस्त्यावर सिगरेट ओढत थांबली होती. "मग? कापायचं ना?"

"राहू दे."

"नक्कल म्हणतील."

"म्हणू देत."

"पण खरं काय ते पेपरवाल्यांना सांगता येईल की."

"टॅरंटही पेपर वाचतो," असं म्हणून तो भराभर चालू लागला.

"बस इकडून सुटते, साहेब," ती मागून म्हणाली.

त्यानं हात हलवला, पण वळला नाही.